यजमानपणाचा ताळेबंद

२०२५ च्या श्रावणातली गोष्ट. अंबडला आमच्या घरी, दुपारच्या चहाच्या वेळेला, मागच्या गल्लीतली एक मुलगी दोन कागद घेऊन आली. मुलगी म्हणायचे एवढेच. चाळिशीला आलेली आहे, शहरातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. पण तिला मी दप्तर पाठीला लावून शाळेत जाताना पाहिलेले, त्यामुळे माझ्या लेखी ती मुलगीच. ‘‘काका, तुम्ही बँकेत होतात. एवढे अंदाजपत्रक बघून द्या ना,’’ म्हणाली.

कागदावर शीर्षक होते : भौतिकशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद, नाशिक. प्रतिनिधी तीनशे, दिवस पाच, महिना ऑगस्ट २०२७.

त्याच आठवड्यात मुंबईत खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचे आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड चालले होते. ११ ते २१ ऑगस्ट, ६४ देश, तीनशेच्या आसपास मुले. यजमान होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. याच केंद्राने जुलै २०१५ मध्ये भौतिकशास्त्राचे जागतिक ऑलिंपियाडही मुंबईत भरवले होते. ‘‘मुंबईला जमते, पुण्याला जमते, मग नाशिकला का नाही?’’ हा तिचा प्रश्न. प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र भावनेच्या भरात द्यायचे नव्हते, म्हणून मी चष्मा शोधला.

आपल्याकडे घरचे लग्न ज्याने काढले आहे, त्याला परिषद म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. कार्यालय आधी धरावे लागते, मुहूर्त सगळ्यांच्या सोयीचा कधीच नसतो, पंगतीला किती पाने हे शेवटपर्यंत कळत नाही आणि आहेर किती येईल यावर खर्चाचा भरवसा ठेवणारा माणूस पुढे वर्षभर हप्ते फेडतो. फरक इतकाच, की लग्नात यजमान कोण हे पत्रिकेवर छापलेले असते. परिषदेत यजमान म्हणून संस्थेचे नाव असते आणि रात्री झोप उडते ती एखाद्या प्राध्यापकाची.

महाराष्ट्राला हे यजमानपण नवे नाही. डिसेंबर १९५० मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मूलकणांवरची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरवली. तेव्हा संस्थेला कुलाब्याची आजची इमारतही नव्हती. गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात तिचा संसार होता. डिसेंबर १९९७ मध्ये पुण्याच्या ‘आयुका’त सापेक्षता आणि गुरुत्वाकर्षण या विषयावरची पंधरावी आंतरराष्ट्रीय परिषद झाली. ही परिषद तीन वर्षांनी एकदा भरते, देशोदेशी फिरते; आणि ‘आयुका’ ही संस्था तेव्हा अवघी नऊ वर्षांची होती. जयंत नारळीकर आणि नरेश दधीच यांनी त्या परिषदेचे व्याख्यान-संकलन ग्रंथरूपाने काढले. ऑगस्ट २००५ मध्ये विश्वकिरणांवरची एकोणतिसावी परिषद पुण्यात झाली, यजमान पुन्हा मुंबईची टाटा संस्था.

या तिसऱ्या परिषदेपाशी थोडे थांबू या. ती ३ ऑगस्टला सुरू व्हायची होती. २६ जुलैला काय झाले ते वाचकांना आठवत असेल. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. विमानतळ बंद, लोकल बंद, माणसे रात्रभर पाण्यातून चालत घरी आलेली. परिषदेला जेमतेम आठवडा उरलेला आणि परदेशी पाहुण्याने उतरायचे दार म्हणजे तेच मुंबई! तरीही परिषद झाली. मी तेव्हा अंबडच्या शाखेत होतो आणि मुंबईहून येणारी टपालाची थैली चार दिवस आली नव्हती. म्हणून मला त्या आयोजकांचे मोल जरा जास्त कळते.

मग असा महिना निवडायचाच कशाला? कारण साधे आहे. युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांना जुलै-ऑगस्टमध्ये सुटी असते, आणि विश्वकिरणवाल्यांची परिषद एरवीही दर दोन वर्षांनी याच दिवसांत भरत आली आहे. म्हणजे पाहुण्यांच्या सुटीत आपला पावसाळा. २०२५ चे मुंबईचे ऑलिंपियाडही ऑगस्टमध्येच होते, आणि त्याच्या शेवटच्या दिवसांत मुंबई पुन्हा पाण्यात होती. १९९७ ची पुण्याची परिषद डिसेंबरात झाली; हवामानाच्या दृष्टीने ते शहाणपणाचे. अंदाजपत्रकातला पहिला आकडा रुपयांचा नसतो, तारखेचा असतो.

मी तिला विचारले, ‘‘ऑगस्ट २०२७ च का?’’

‘‘परदेशातल्या लोकांना सुटी असते, काका.’’

‘‘आणि आपल्याकडे काय असते?’’

क्षणभर गप्प राहिली आणि मग कपाळावर हात मारून हसायला लागली. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थाची अमृतस्नाने. शहरातली खोली सोडा, ओटासुद्धा मिळायचा नाही. नाशिकच्या माणसाने हे विसरावे! पण परदेशी दिनदर्शिका समोर ठेवून बसले की घरचे पंचांग असे विसरायला होते.

तारीख बाजूला ठेवून आम्ही आकड्यांकडे वळलो. तिच्या कागदावर खर्चाची पंचवीस कलमे होती, नीट मांडलेली. पण ती सगळी एकाखाली एक होती. बँकेत कर्जाचा प्रस्ताव आला की आम्ही पहिली गोष्ट करायचो ती म्हणजे खर्चाचे दोन ढीग. माणसे किती येवोत, जो खर्च होणारच तो एका ढिगात : सभागृह, ध्वनियंत्रणा, पडदे, निमंत्रित वक्त्यांचा विमानप्रवास, कार्यालय, छपाई. माणसागणिक वाढणारा दुसऱ्या ढिगात : जेवण, चहा, पिशवी, बस. तिच्या कागदावरून आम्ही ढीग केले. पहिला निघाला छत्तीस लाखांचा. दुसरा माणशी दहा हजार. नोंदणी शुल्क परदेशी पाहुण्याला जास्त, आपल्याकडच्याला कमी, विद्यार्थ्याला त्याहून कमी. सरासरी सोळा हजार.

आता गणित पाहा. माणशी सोळातून दहा गेले, सहा हजार उरले. तीनशे माणसे आली तर अठरा लाख. छत्तीसातून अठरा गेले, तूट अठरा लाखांची. ती कुठून भरायची? कागदावर एकच शब्द होता : ‘प्रायोजक’. आणि तीनशेऐवजी दोनशेच आले तर? उरणार बारा लाख, तूट चोवीस लाख. माणसे एक तृतीयांशाने घटली, पण खड्डा एक तृतीयांशाने वाढला. मंडप तोच, भाडे तेच.

‘प्रायोजक’ या शब्दाची मला धास्ती आहे आणि तिचे कारण माझ्याच हातून घडलेले आहे. नोकरीत असताना एका संस्थेला चर्चासत्रासाठी मी उचल मंजूर केली होती. तारण काय, तर पाच कारखानदारांची ‘आम्ही मदत करू’ अशी पत्रे. कार्यक्रम झकास झाला, पाहुण्यांना शाली मिळाल्या, वर्तमानपत्रात छायाचित्र आले. पाचांपैकी दोघांनी पैसे दिले. उरलेल्यांकडे मी सहा महिने चकरा मारल्या आणि अखेर संस्थेच्या चिटणीसाने स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम भरली. त्या माणसाने मला दोष दिला नाही. पण ते पत्र म्हणजे पैसा नव्हे, हे त्याला सांगण्याचे काम माझे होते आणि ते मी केले नव्हते.

परदेशी पाहुणे म्हटले की आणखी दोन-तीन गोष्टी येतात. एक चलनाची. १९९७ च्या उन्हाळ्यात डॉलर छत्तीस रुपयांच्या आत-बाहेर होता, डिसेंबरात तो एकोणचाळिसाच्या घरात गेला. दोनशे डॉलर शुल्क धरले तर माणशी सहाशे रुपयांचा फरक, आणि तो आयोजकाच्या फायद्याचा. पण त्याच आयोजकाने परदेशी वक्त्याची तिकिटे डॉलरात काढली, तर तोच फरक उलटा अंगावर येतो. म्हणून डॉलरची जमा आणि डॉलरचा खर्च एकमेकांसमोर ठेवावा. वाऱ्यावर सोडावा तो फक्त उरलेला भाग. दुसरी गोष्ट कायद्याची. परदेशी माणसाने परिषदेत येण्यासाठी भरलेले शुल्क वेगळे आणि परदेशातून आलेली देणगी वेगळी. देणगीला विदेशी अंशदानाचा कायदा लागतो, तिचे खाते वेगळे, परवानगी वेगळी. दोन्ही एकाच खात्यात टाकली तर पुढची चार वर्षे पत्रव्यवहारात जातात.

तिसरी गोष्ट व्हिसाची. परिषदेसाठी येणाऱ्याचा व्हिसा हा पर्यटकाचा व्हिसा नव्हे. त्याआधी आयोजकाने परराष्ट्र आणि गृह मंत्रालयाच्या मंजुऱ्या मिळवायच्या असतात. दुसऱ्या बाजूला भौतिकशास्त्रज्ञांचा जो आंतरराष्ट्रीय संघ १९२२ पासून आहे, त्याची आपल्या पाठिंब्याची अटच अशी, की कोणाही शास्त्रज्ञाला केवळ तो अमुक देशाचा म्हणून मज्जाव होता कामा नये. या दोन दगडांवर पाय ठेवून उभे राहायचे, तर हातात वेळ हवा. सहा महिन्यांत उरकू म्हणणाऱ्याच्या वाट्याला रिकाम्या खुर्च्या येतात. आणि रिकामी खुर्ची आपल्या गणितात काय करते, ते वर पाहिलेच.

मग नाशिकने हा नाद सोडावा का? मुळीच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ९४ वे साहित्य संमेलन आपल्याच आडगावला झाले. मार्चमध्ये ठरलेले, करोनाने पुढे ढकललेले, जागा बदललेली; तरी झाले. अध्यक्ष होते जयंत नारळीकर, म्हणजे एक भौतिकशास्त्रज्ञच! प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत याची हळहळ तेव्हाही वाटली आणि मे २०२५ मध्ये ते गेल्यावर अधिकच वाटली. मुद्दा असा, की हजारोंची पंगत उठवायची ताकद या शहरात आहे. पुणे रस्त्याला नारायणगावपाशी वळले की खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. पाहुण्यांना दाखवायला याहून चांगली जागा कोणती? हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरींची वेधशाळा उभी करायला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींची मंजुरी दिली आहे. मोठे विज्ञान आता मुंबई-पुण्याबाहेर येते आहे. पाहुणेही त्याच्या मागोमाग येतील. प्रश्न एवढाच, की आपण त्यांना मंडप दाखवणार की काम?

माझ्या मते परिषद कोणासाठी आहे, हे तिच्या उद्घाटनाच्या भाषणातून कळत नाही. तिच्या अंदाजपत्रकातून कळते. तिच्या पहिल्या कागदावर स्वागत समारंभ आणि स्मृतिचिन्हे यांना चार लाख होते. धुळे, नंदुरबार, जळगावच्या महाविद्यालयांतले शिक्षक कसे येणार, यासाठी एक ओळही नव्हती. हे तिने मुद्दाम केलेले नाही. तिने जो नमुना समोर ठेवला होता, त्यातच तशी ओळ नसावी.

आम्ही चार रविवार बसलो. नवा कागद असा झाला : प्रतिनिधी ऐंशी, त्यांतले पंधरा परदेशी. सिंहस्थाची धामधूम पूर्ण ओसरल्यावरचा जानेवारी. सभागृह महाविद्यालयाचेच, मुक्काम वसतिगृहाच्या दुरुस्त केलेल्या खोल्यांत. ठरलेला खर्च आठ लाख, माणशी पाच हजार, शुल्क सरासरी आठ हजार. ऐंशी आले तर उरतात दोन लाख चाळीस हजार, तूट पाच लाख साठ हजार. साठच आले तर तूट सहा लाख वीस हजार. म्हणजे वीस माणसे कमी झाली तरी फरक साठ हजारांचा. एवढ्याने कोणाचे घर बसत नाही. तुटीसाठी अनुदानाचे अर्ज दोन ठिकाणी करायचे, आणि ते हातात पडेपर्यंत कुणालाही आगाऊ रक्कम द्यायची नाही. स्मृतिचिन्हांची ओळ गेली. तिच्या जागी खानदेशातल्या शिक्षकांचे एस.टी. भाडे आणि जेवण आले. काहीही झाले तरी या ओळीवर काट मारायची नाही, हे तिने माझ्यासमोर कागदावर लिहिले.

एक गोष्ट सांगायची राहिली. तिच्या पहिल्या कागदाच्या तळाशी, पेन्सिलने, अगदी बारीक अक्षरात एक ओळ होती : ‘तूर्त स्वतःकडून, दोन लाख’. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदतठेव ती तारण ठेवणार होती. मी विचारले नसते तर तिने सांगितलेही नसते. आपल्याकडचे किती उपक्रम अशा पेन्सिलच्या ओळींवर उभे असतात, हे बँकेत बसलेल्या माणसालाच ठाऊक. समाज त्यांना ध्येयवेडे म्हणून टाळ्या देतो आणि हिशेब मात्र त्यांच्या घरी पाठवतो.

नव्या कागदावर ती ओळ नाही. ती येऊ द्यायची नाही, एवढीच माझी अट आहे. अर्ज गेले आहेत. उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर शहराने एवढे तरी करावे, की अशा माणसाला टाळ्यांआधी एक सभागृह द्यावे, भाडे न घेता.