विश्लेषण : शाळेतली कला कागदावरच का अडकते?

दिवाळीच्या सुट्टीत महाराष्ट्रातली मुले दगड, विटा, पोती आणि चिखल गोळा करून किल्ले बांधतात. पोळ्याला मातीचे बैल होतात, नागपंचमीला मातीचा नाग होतो. अंगणात ही मुले लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही मितींत काम करत असतात. शाळेच्या कलेच्या तासाला मात्र यातले काहीच चालत नाही. तिथे चित्रकलेची वही, पेन्सिल आणि रंगपेटी एवढ्यावर कला संपते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलेला इतर विषयांच्या बरोबरीने स्थान देण्याची भाषा केली आहे. ती खरी करायची असेल, तर शिल्प आणि त्रिमितीय कलेला वेळापत्रकात जागा द्यावी लागेल. त्याच्या आड पैसा फारसा येत नाही. आड येते ती कागदावर जे मावते तेच तपासायची आपली सवय.

त्रिमितीय कला म्हणजे नेमके काय?

कागदावरचे चित्र समोरून पाहायचे असते. त्रिमितीय वस्तूभोवती फिरता येते. तिला मागची बाजू असते, वजन असते आणि तोल चुकला तर ती पडते. ती करण्याच्या ढोबळमानाने तीन पद्धती आहेत.

पहिली भर घालण्याची. मातीच्या गोळ्यावर माती चढवत आकार वाढवायचा. दुसरी काढून टाकण्याची. दगड, लाकूड किंवा साबणाच्या वडीतून नको तो भाग कोरून काढायचा. वेरुळचे कैलास लेणे, म्हणजे १६ क्रमांकाचे लेणे, आठव्या शतकात याच रीतीने अखंड कातळातून वरून खाली कोरत आणले गेले. तिसरी पद्धत जोडणीची. तार, पुठ्ठा, बांबूच्या कामट्या, करवंट्या अशा वस्तू एकमेकींना जोडून नवा आकार उभा करायचा.

याशिवाय सपाट पाटीवर थोडा उंचावलेला आकार असेल, तर ते उठावशिल्प. खिशातले नाणे हे त्याचे रोजचे उदाहरण.

शाळेत सध्या काय शिकवले जाते?

पहिली ते आठवीच्या मूल्यमापनात कला आणि कार्यानुभव हे विषय आहेत, मातीकाम आणि कागदकामाचा उल्लेखही असतो. पण कलेच्या तासाला दिशा देते ती मुख्यतः कला संचालनालयाची शासकीय रेखाकला परीक्षा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या नावांनी घराघरांत ठाऊक असलेल्या या परीक्षेला दरवर्षी लाखो विद्यार्थी बसतात. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालकही आग्रही असतात.

या परीक्षेचे विषय पाहा. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. इंटरमिजिएटला घनभूमितीही आहे. पण शंकू, इष्टिकाचिती किंवा गोल हातात न घेता त्यांच्या बाजू कागदावर रेखाटायच्या. एकाही प्रश्नपत्रिकेत विद्यार्थ्याला काही घडवून दाखवावे लागत नाही. या परीक्षेने गावोगाव चित्रकलेची गोडी लावली, हे मान्यच. पण परीक्षेत नाही ते वर्गात नाही, हा आपल्याकडचा अलिखित नियम शिल्पकलेच्या मुळावर आला आहे.

केंद्रीय मंडळाच्या शाळांत अकरावी-बारावीला शिल्पकला हा स्वतंत्र विषय घेता येतो. पण आधीच्या दहा वर्षांत ज्याने मातीला हात लावला नाही, तो विद्यार्थी अकरावीत हा विषय कशाच्या बळावर निवडणार?

गणपती कार्यशाळा होतातच, मग उणीव कुठे?

पीओपीच्या मूर्तींचा प्रश्न ऐरणीवर आल्यापासून शाडूच्या कार्यशाळा शाळाशाळांत दिसू लागल्या. त्या चांगल्याच आहेत. निदान त्या दिवशी मुलांचे हात मातीत जातात. पण बहुतेक ठिकाणी शिक्षक किंवा मूर्तिकार पायरीपायरीने सांगतात आणि सगळी मुले एकच मूर्ती करतात. दोन तासांत मूर्ती पूर्ण, छायाचित्र काढले, पुढची माती पुढच्या भाद्रपदात.

मूर्तिकाम ही मोठी कारागिरी आहे, पेणच्या कारखान्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. शाळेचे काम त्याहून वेगळे आहे. मुलाने स्वतः पाहिलेली वस्तू स्वतःच्या समजुतीने घडवावी, ती कोसळावी, का कोसळली हे त्याला कळावे आणि त्याने ती पुन्हा उभी करावी, यासाठी वर्षातला एक दिवस पुरत नाही.

मातीतून मूल काय शिकते?

समजा, चौथीतल्या मुलीने बैल करायला घेतला. खऱ्या बैलासारखे पाय बारीक केले की बैल खाली बसतो. मग ती पाय जाड करते, किंवा पोटाखाली मातीचा आधार ठेवते, किंवा बसलेलाच बैल करते. भार, आधार आणि तोल हे शब्द पाठ्यपुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी तिच्या हातांना कळलेले असतात. शिंगे नुसती चिकटवली की वाळल्यावर गळून पडतात. दोन्ही बाजूंना ओरखडे काढून मध्ये पातळ माती लावली की टिकतात. हे एकदा हातून झाले की सांगावे लागत नाही.

नववी-दहावीत पृष्ठफळ, घनफळ आणि महत्त्वमापन शिकताना अनेक मुले सूत्रे पाठ करतात. शंकूचे पृष्ठफळ उलगडले की वर्तुळाची पाकळी मिळते, हे ज्याने पुठ्ठ्याची टोपी करताना पाहिले आहे त्याला सूत्र वेगळे घोकावे लागत नाही.

आणखी एक मुद्दा सहसा मांडला जात नाही. सर्वसामान्य शाळेत शिकणाऱ्या दृष्टिहीन मुलासाठी चित्रकलेचा तास म्हणजे बहुधा रिकामा तास. माती हाताला दिसते. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने व्हिएन्नात अंध मुलांसोबत मातीकाम केले आणि स्पर्शातून आकार समजण्याच्या क्षमतेवर पुढे मोठे लेखन केले. सर्व मुलांना सामावून घेणारे शिक्षण म्हणायचे आणि एक मूल दर आठवड्याला कोपऱ्यात बसवून ठेवायचे, याचा मेळ लागत नाही.

आपल्याकडे ही परंपरा नव्हती का?

होती, आणि महाराष्ट्रात तर ठसठशीत होती. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेत लॉकवुड किपलिंग हे १८६५ मध्ये वास्तुशिल्प शिकवायला आले. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीवरील कोरीवकामात या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. गणपतराव म्हात्रे यांनी ‘मंदिरपथगामिनी’ हे गाजलेले शिल्प घडवले, तेव्हा तेही विद्यार्थीच होते.

शालेय शिक्षणात तर आपण याहून पुढे गेलो होतो. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. त्याच विचारावर चाललेल्या सेवाग्रामच्या शाळेत शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद कला शिकवत. ते स्वतः कुंभारकाम करणारे कलावंत होते आणि कला हाच शिक्षणाचा पाया, अशी त्यांची मांडणी होती. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी चालवलेल्या बालवाड्यांत महागड्या साधनांऐवजी परिसरातली माती, बिया आणि पाने वापरली गेली.

मग शिल्पकार विनायक करमरकर यांचे उदाहरण आठवते. अलिबागजवळच्या सासवणे गावातल्या या मुलाने भिंतीवर काढलेले चित्र ऑटो रॉथफिल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नजरेस पडले आणि त्याची जे. जे.ची वाट मोकळी झाली. पुण्यातला १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा याच करमरकरांचा. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण अधिकारी त्या वाटेने गेलाच नसता तर? प्रत्येक गावातल्या अशा मुलाकडे कोणाचे तरी लक्ष जावे, याची सोय शाळेनेच करायला हवी. ती योगायोगावर सोडता येत नाही.

अडथळे पैशाचे की सवयीचे?

पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत माती बाहेर काढून, काम करून, हात धुवून पुन्हा बाकावर बसणे अशक्य असते. अर्धवट काम ठेवायला फळी नसते. वर्ग घाण होतो म्हणून मुख्याध्यापक नाराज, कपडे मळतात म्हणून पालक नाराज. त्यामुळे हौशी शिक्षकही दोन प्रयोगांनंतर वहीकडे वळतो.

शिक्षकांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी पट १०० हून अधिक असेल, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक देण्याची तरतूद आहे. म्हणजे वाडी-वस्तीवरच्या कमी पटाच्या शाळांना कायद्यानेही कलाशिक्षक मिळत नाही. तिथे गणित शिकवणारे गुरुजीच कला शिकवतात. त्यांना मातीकाम कोणी दाखवलेलेच नसते.

याचा परिणाम उघड आहे. मोठ्या शहरांतल्या महागड्या शाळांत कुंभाराचे चाक आणि विजेची भट्टी असते, त्याचे शुल्कही वेगळे असते. ज्या जिल्हा परिषद शाळेच्या मागच्या शेतात माती फुकट पडली आहे, तिथे मूल मातीविना कला शिकते. मातीचा खर्च नगण्य आहे, कारण न भाजलेली वस्तू पाण्यात भिजवली की तीच माती पुन्हा वापरता येते. काळ्या मातीला तडे जातात, तेव्हा ती चाळून तिच्यात थोडी बारीक वाळू मिसळायची. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली की माती आठवडाभर मऊ राहते. वस्तू सावलीत हळूहळू वाळवायची. जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा आणि खळ यांतूनही उत्तम काम होते. पीओपी मात्र घट्ट होताना तापते, त्यामुळे मुलांच्या हाताचे साचे घेण्याचे प्रयोग वर्गात करू नयेत.

गुण कसे द्यायचे?

‘शिल्पाला गुण कशाचे?’ हा आक्षेप नेहमी येतो. उत्तर अवघड नाही. वस्तू स्वतःच्या पायावर उभी आहे का? जोड पक्के आहेत का? ती चारही बाजूंनी पाहिलेली आहे, की पाठ कोरीच राहिली? पहिल्या आणि शेवटच्या प्रयत्नात काय बदलले? ते मुलाला सांगता येते का? हे पाच प्रश्न तपासायला पुरेत. हुबेहूबपणाला गुण ठेवायचे नाहीत, नाहीतर घरून पालकांनी केलेले प्रकल्प येऊ लागतात. काम वर्गातच व्हावे. शिक्षकाने मोबाइलवर पुढून, बाजूने आणि मागून अशी तीन छायाचित्रे काढून ठेवली की नोंद तयार होते आणि माती पुढच्या वर्गाला मोकळी होते.

आधी रेखाटन पक्के व्हावे, मग शिल्प, असेही म्हटले जाते. पण तिन्ही मितींतली वस्तू सपाट कागदावर उतरवणे हे लहान मुलासाठी मातीकामापेक्षा कठीण आहे. ज्याने तांब्या मातीत घडवला, त्याला तांब्याचे काठ चित्रात लंबगोल का दिसतात हे लवकर उमगते. म्हणजे यात रेखाकलेचाही फायदाच आहे.

आता काय करता येईल?

नवा विभाग, नवी इमारत यांची गरज नाही. महिन्यातून एकदा कलेच्या दोन तासिका जोडून द्याव्यात. पहिली-दुसरीला गोळे आणि वळ्या, तिसरी ते पाचवीला प्राणी आणि उठावाच्या पाट्या, सहावी ते आठवीला तारेचा सांगाडा, लगदा आणि साबणातले कोरीवकाम, नववी-दहावीला गटाने करायची मोठी रचना, असा साधा क्रम पुरे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. त्यात सुतार, कुंभार, कलावंत यांच्याकडे जाऊन शिकण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. गावातल्या कुंभाराला त्यातले दोन दिवस मानधन देऊन शाळेत बोलवावे. सत्कार आणि नारळ देऊन बोळवण करू नये. एनसीईआरटीने २०२४ मध्ये सहावीसाठी ‘कृति’ हे कलेचे स्वतंत्र पाठ्यपुस्तक आणले, त्यात दृश्यकलेसह नाट्य, संगीत आणि नृत्य आहे. राज्यानेही आपला अभ्यासक्रम ठरवताना मातीकामाचे तास मोघम न ठेवता आकड्यांत लिहावेत.

आणि सर्वांत परिणामकारक बदल कला संचालनालयाच्या हाती आहे. इंटरमिजिएटला एका प्रश्नपत्रिकेऐवजी मातीत वस्तू घडवण्याचा पर्याय द्यावा. सुरुवातीला काही जिल्ह्यांपुरता दिला तरी चालेल. परीक्षेत माती आली की शाळेत फळी येईल, बादली येईल आणि तासिकाही जोडून मिळतील.

तोपर्यंत मुख्याध्यापकांना कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. जूनमध्ये वेळापत्रक लावतानाच दोन तासिका शेजारी ठेवल्या, तर पोळ्यापर्यंत मुलांनी केलेले बैल व्हरांड्यात वाळत असतील. एकाचे पाय जाड, एकाचे शिंग मोडलेले, एक नुसताच बसलेला. दोन बैल एकसारखे नसले, तर तास चांगला झाला असे समजावे.