रांधणारीचा धूर आणि बोरीकराचा शृंगार

इतिहासप्रेमींच्या चर्चेत एक शेरा ठरलेला असतो. किल्ल्याच्या तटबंदीची मोजमापे मांडणारा तो अभ्यासक. जुनी प्रेमकथा आवडीने वाचून तिच्या काळातला एखादा पदार्थ चुलीवर करून पाहणारा तो हौशी. त्यातून ती मुलगी असेल, तर 'कादंबऱ्या वाचा आणि स्वयंपाक करा' हा टोमणा हमखास. हा शेरा आजचा नाही. त्याचे वय किमान सातशे वर्षे आहे, आणि ज्यांना तो ऐकावा लागला त्यांतला एक कवी परभणीच्या मातीतला आहे.

भास्करभट्ट बोरीकर हा महानुभाव पंथाचा कवी. त्याच्या नावातली बोरी म्हणजे परभणी जिल्ह्यातली बोरी, असे अभ्यासक मानतात. चौदाव्या शतकाच्या आरंभी त्याने 'शिशुपालवध' रचला. ग्रंथाचे नाव वधाचे, पण कवीचा जीव रमला तो कृष्ण-रुक्मिणीच्या प्रीतीत, त्यांच्या रुसव्या-फुगव्यांत. शिशुपाल बिचारा शेवटी उरकला जातो. पंथाच्या परंपरेत अशी आठवण आहे की, एका ज्येष्ठ सहकाऱ्याने हा ग्रंथ पाहिला, तो चांगला उतरल्याचे मोकळेपणाने मान्य केले आणि लगेच सुनावले, की इतका शृंगार संसारी माणसाला शोभेल, विरक्ताच्या तो उपयोगाचा नाही. भास्करभट्टाने मग वैराग्यपर 'उद्धवगीता' लिहिली.

या आक्षेपाची घडण पाहण्याजोगी आहे. ग्रंथ वाईट आहे, असे कोणी म्हटले नाही. ग्रंथ चांगला आहे, मात्र गंभीर माणसांसाठी नाही, एवढेच म्हटले गेले. 'विरक्त' या शब्दाच्या जागी 'अभ्यासक' घातला, की आजचा शेरा तयार. विसाव्या शतकात तर हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही प्रेमकथा आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवले आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. कायद्याने प्रेमकथेला सोडले. इतिहासाच्या वर्गाने अजून सोडलेले नाही.

आता याच गोदावरीच्या काठी आणखी मागे जाऊ. हाल सातवाहनाच्या नावाने प्रसिद्ध असलेली 'गाथासप्तशती' हा माहाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे गाथांचा संग्रह. पैठण ही सातवाहनांची राजधानी. तिथून खाली वाहत आलेली गोदावरी पुढे पाथरी, सोनपेठ, गंगाखेड या तालुक्यांच्या कडेने जाते. गाथांमध्ये परभणीचे नाव नाही, असण्याचे कारणही नाही. पण ती नदी, ती शेते, ते पाणवठे आणि चोरून भेटणारी ती माणसे या पट्ट्याला परकी नाहीत.

या संग्रहाच्या आरंभीच, पहिल्याच शतकात, दोन गाथा लागोपाठ येतात. एकीत रांधता रांधता काजळलेला हात गृहिणी नकळत तोंडाला लावते. त्या डागामुळे तिचे मुख डाग असलेल्या चंद्रासारखे झाले, म्हणून नवरा हसतो. दुसरीत ती विस्तव फुंकते आहे आणि तो काही केल्या पेटत नाही. कोणीतरी तिची समजूत घालतो, की रागावू नकोस, तुझ्या सुगंधी श्वासाची चव या अग्नीला लागली आहे. पेटला तर फुंकर थांबेल, म्हणून लबाड नुसता धुमसतो आहे. मूळ गाथेत स्वयंपाकाला 'रंधण' हा शब्द आहे. परभणीच्या खेड्यातली म्हातारी आजही 'रांधणे' म्हणते.

महाराष्ट्राच्या वाङ्मयाचा हा अगदी जुना थर आहे, आणि त्यात शृंगार व चूल एकाच ओळीत बसलेली आहेत. त्यांना वेगळे काढणे, आणि मग दोघांनाही 'खऱ्या' इतिहासाच्या पंगतीतून उठवणे, हे नंतरच्या सोवळेपणाचे काम.

यावर एक जड आक्षेप घेतला जातो आणि तो टाळता येणार नाही. या गाथा म्हणजे नागर कवींनी घेतलेला ग्रामीण मुखवटा असू शकतो. त्यातली गृहिणी ही काव्यसंकेतातली गृहिणी. मग तिला पुरावा कसे मानायचे? प्रश्न योग्यच आहे. पण मग तो सर्वांना सारखा विचारावा. 'भाऊसाहेबांची बखर' संकेतांनी, नाट्याने आणि रंगवलेल्या संवादांनी काठोकाठ भरलेली आहे, तरी पानिपतावर लिहिणारा कोणीही तिला केराची टोपली दाखवत नाही. तो तिच्यातून संकेत वेगळा काढतो आणि उरलेले वापरतो. तलवारीच्या वर्णनातली अतिशयोक्ती गाळून घेता येते, तर फुंकरीच्या वर्णनातली का नाही? शिवाय रसिकता हा इथे दोष ठरत नाही, ती वाचनाची पूर्वअट आहे. धुमसणाऱ्या अग्नीची थट्टा ज्याला कळली नाही, तो त्या गाथेतून 'प्राचीन काळी सरपण ओले असे' एवढाच निष्कर्ष काढेल.

आता पाककृतींकडे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११२९ च्या सुमारास, 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, परभणीकरांना फार दूर नसलेले. तेव्हा आजचा मराठवाडा याच सत्तेखाली होता. ग्रंथाच्या 'अन्नभोग' या भागात राजाच्या जेवणाचे तपशील येतात: भाताचे प्रकार, डाळी, मासे, कासव, भाजलेले डुक्कर आणि चक्क उंदीरही. (शुद्ध प्राचीन आहाराची व्याख्याने देणारे या पानांवरून घाईने पुढे जातात.)

त्यातली 'इडरिका' करून पाहणाऱ्याला पहिल्याच प्रयत्नात कळते, की ही आजची इडली नव्हे. तिच्यात तांदूळच नाही. उडदाचे वाटण आणि वर मिरे, जिरे, हिंग यांचा संस्कार. हे वाचूनही कळते, पण नुसते वाचणारा नावाच्या साम्यावर विसंबतो. करणारा विसंबू शकत नाही, कारण त्याच्या हातात चिकट उडीद असतो. 'मंडक' म्हणजे आपले मांडे. गहू धुवायचा, वाळवायचा, दळायचा, चाळायचा, मळायचा, गोळा हातावर पसरत न्यायचा आणि तापलेल्या खापरावर टाकायचा. खानदेशात पालथ्या खापरावर मांडे करणाऱ्या बायका हे आजही करतात. एकदा स्वतः केले, की ग्रंथाने न सांगितलेली गोष्ट उघड होते: राजाच्या एका घासामागे किती हात आणि किती वेळ लागत असेल. राजाने आपल्या उपभोगाची नोंद केली. त्या हातांची नावे लिहिण्याची गरज त्याला वाटली नाही.

गंमत अशी, की हे हात त्याच ग्रंथात दुसरीकडे ऐकू येतात. गायनाच्या प्रकरणात सोमेश्वर सांगतो, की महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात. ओवीचा हा अगदी जुना उल्लेख. मराठी वाङ्मयाचा प्रत्येक विद्यार्थी तो पाठ करतो आणि त्यातल्या उखळाकडे पाहत नाही. गाणे आणि धान्य एकाच लयीत होते. पुढे गंगाखेडच्या जनाबाईच्या नावावरच्या अभंगांत देवच दळू-कांडू लागतो. ज्यांना स्वयंपाकघर हा इतिहासाचा परिघ वाटतो, त्यांनी मराठी छंदाचा इतिहास उखळ आणि जाते वगळून लिहून दाखवावा.

अर्थात या बाजूच्या लोकांनाही झाडून घ्यायला हवे. 'यादवकालीन थाळी' म्हणून मातीच्या ताटलीत शेंगदाण्याची चटणी, लाल तिखटाचा ठेचा आणि बटाट्याची भाजी मांडून चित्रफीत टाकणाऱ्यांनी आपल्याच पक्षाचे सर्वाधिक नुकसान केले आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग हे सारे अमेरिकेतून, पोर्तुगीज आल्यानंतर इकडे पोहोचलेले. रामदेवरावाच्या मुदपाकखान्यात तिखटपणा मिऱ्याचा, पिंपळीचा, सुंठेचा. ऐतिहासिक प्रेमकथांतही तेच: नायिकेला पैठणी नेसवली, चार वेळा 'प्राणनाथ' म्हणायला लावले, की तेरावे शतक उभे राहत नाही. आनंदाने वाचावे, पण संशय जागा ठेवून. पुनर्निर्मिती ही तपासणी आहे. घटक, भांडे, ऋतू, इंधन यांतले काय बदलले याची नोंद नसेल, तर तो नुसता चविष्ट पदार्थ. त्यालाही हरकत नाही, फक्त त्याला इतिहास म्हणू नये.

आणि हे काम थांबण्यासारखे नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती', 'परभणी ज्योती' अशा नावांची ज्वारीची वाणे दिली, आणि त्याच जिल्ह्याच्या शिवारात सोयाबीन पसरत गेला, ज्वारीचे पेरे आटत गेले. पीक गेले की कण्या जातात, आंबील जाते, हुरड्याचे दिवस जातात, आणि त्या दिवसांवर रचलेल्या ओव्यांचा अर्थही जातो. मराठवाड्यातल्या लग्नाच्या येसराचेच घ्या. धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेल्या या पिठाची आमटी पंगतीत सगळे भुरकतात. प्रमाण मात्र प्रत्येक घराचे वेगळे आणि ते कुठल्याच दप्तरात नाही. ते सांगणाऱ्या बायका ऐंशीच्या घरात आहेत, आणि मूठ-चिमटीच्या मापात सांगतात. तराजू घेऊन त्यांच्याशेजारी बसावे लागेल, आणि भाजता भाजता त्या जे गातील तेही उतरून घ्यावे लागेल.