अल्कलाइनच्या नावानं चांगभलं!

सकाळी लिंबूपाणी, कारण लिंबू म्हणे ‘अल्कलाइन’. चहा बंद, कारण तो ‘अ‍ॅसिडिक’. पोळी, डाळ, दूध, अंडी सगळी संशयाच्या यादीत. सांगणारा रील अर्ध्या मिनिटाचा, आणि शेवटी एक पाण्याची बाटली नाहीतर मशीन विकायला ठेवलेलं. कॉलेजच्या ग्रुपपासून घरच्या फॅमिली ग्रुपपर्यंत हाच फॉरवर्ड फिरतोय: शरीर आम्लधर्मी झालं की रोग होतात, म्हणून अल्कलाइन खा. ऐकायला सोपं आणि वर विज्ञानाची फोडणी. म्हणूनच ते एकदा नीट तपासायला हवं.

पीएच हा शब्द अंबडला नवा नाही. आपल्या एमआयडीसीत प्लेटिंगच्या युनिटमध्ये अप्रेंटिसशिप केलेल्या एखाद्या आयटीआयवाल्या मित्राला विचारा. लोखंडाचा पार्ट आधी अल्कलीच्या टाकीत धुतात, तेलकटपणा जातो. मग आम्लाच्या टाकीत बुडवतात, गंज जातो. टाकीचा पीएच हलला की माल बिघडतो, म्हणून तो सारखा तपासावा लागतो. ही मोजपट्टी डेन्मार्कच्या सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडली, तीही कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. आणि प्रत्येक अंकाला दहा पटींचा फरक.

अल्कलाइन डाएटवाले माणसाच्या शरीरालाही अशीच एक टाकी समजतात. वरून जे ओताल, तसा पीएच बदलेल. गडबड इथेच आहे. शरीरात एक टाकी नाही, अनेक आहेत आणि प्रत्येकीचं गणित वेगळं. जठराचा पीएच साधारण १.५ ते ३.५, म्हणजे चांगलाच आम्ल. तो तसाच हवा, अन्न पचायला आणि जंतू मारायला. रक्ताचा पीएच मात्र ७.३५ ते ७.४५, एवढ्याशा पट्टीत अडकवलेला. त्याची राखण रक्तातलं बायकार्बोनेट, फुप्फुसं आणि किडन्या चोवीस तास करतात. फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, किडन्या जास्तीचं आम्ल लघवीतून काढतात. रक्ताचा पीएच खरोखर घसरला, तर तो गंभीर आजार असतो. अनियंत्रित मधुमेहात किंवा किडनी निकामी झाल्यावर असं होतं, आणि अशा पेशंटला दवाखान्यातच न्यावं लागतं. दोन वडापाव खाल्ल्यानं तसं होत नाही आणि लिंबू पिऊन ते बरंही होत नाही.

मग आंबट लिंबू ‘अल्कलाइन’ ठरलं कसं? शंभरेक वर्षांपूर्वी शास्त्रज्ञ अन्न जाळून त्याची राख तपासायचे. फळं-भाज्यांच्या राखेत पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम जास्त, म्हणून ती अल्कलाइन. मांस, अंडी, धान्यं यांत गंधक आणि फॉस्फरस जास्त, म्हणून त्यांची राख आम्ल. त्या हिशोबानं निफाडची द्राक्षं आणि पिंपळगावचा टोमॅटो जिभेला आंबट लागले तरी ‘अल्कलाइन’च! यात थोडं तथ्यही आहे: जेवणानं लघवीचा पीएच बदलतो. पण लघवीत दिसतं ते किडनीनं बाहेर टाकलेलं. घरी पट्टी बुडवून ‘माझी बॉडी अ‍ॅसिडिक झालीय’ म्हणणं म्हणजे घंटागाडीतला कचरा बघून घर घाणेरडं ठरवण्यासारखं.

पाण्याचा हिशोब तर बारावीच्या केमिस्ट्रीतला. पीएच ९ चं एक लिटर पाणी घ्या. त्यातले इतर क्षार बाजूला ठेवून नुसत्या पीएचचं गणित मांडलं, तर ते पीएच २ च्या फक्त एक मिलिलिटर आम्लाला पुरतं. जठरात एवढं तर सहज असतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ६.५ ते ८.५ आहे आणि तेवढं पुरेसं आहे.

बरं, संशोधन काय सांगतं? आम्लधर्मी जेवणानं हाडं झिजतात हा दावा कॅनडातल्या टॅनिस फेन्टन आणि सहकाऱ्यांनी तपासला. २०११ मध्ये त्यांनी मांडलं की त्याला आधार मिळत नाही. २०१६ मध्ये कॅन्सरबद्दलच्या दाव्याचा आढावा घेतला, तिथेही अल्कलाइन आहार किंवा पाण्याच्या बाजूनं पुरावा उभा राहिला नाही. ‘ओटो वारबर्गना नोबेल मिळालं कारण त्यांनी दाखवलं की अल्कलाइन शरीरात कॅन्सर जगत नाही’ हेही फॉरवर्डमधलंच. त्यांना १९३१ चं नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी. कॅन्सरच्या गाठीभोवती आम्लता असते हे खरं, पण ती गाठ स्वतः तयार करते, आपलं जेवण नाही.

‘जाऊ दे ना, भाज्या खातायत तर खाऊ दे’ असं कुणी म्हणेल. मान्य. पण गोष्ट तिथे थांबत नाही. ‘पीएच मिरॅकल’ लिहिणारा अमेरिकेतला रॉबर्ट यंग हा डॉक्टर नव्हता. विनापरवाना उपचार केल्याबद्दल २०१६ मध्ये तो दोषी ठरला. त्याच्यावर विसंबून स्तनाच्या कॅन्सरवरचे उपचार लांबवलेल्या एका महिलेला त्यानं साडेदहा कोटी डॉलर द्यावेत, असा निकाल २०१८ मध्ये सॅन डिएगोतल्या ज्युरीनं दिला. पैसे ठरले, गेलेली वेळ परत आली नाही. तोच दावा आज आपल्या फॅमिली ग्रुपवर मराठीत येतो, आणि त्याच ग्रुपमध्ये कुणाची तरी मावशी केमो घेत असते.

दुसरी गल्लत ‘अ‍ॅसिडिटी’ या शब्दाची. छातीतली जळजळ खरी आहे. नाइट शिफ्ट, सकाळचं लेक्चर, उपाशीपोटी तीन चहा आणि मग झणझणीत मिसळ, हे वेळापत्रक अंबड-सिडकोत अनेकांचं आहे. पण तिथे जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत येतं. रक्त आम्ल झालेलं नसतं. त्यावर औषधं आहेत, मात्र मेडिकलमधून स्ट्रिप आणून महिनोन्‌महिने रोज गोळी घेणं बरं नाही. आम्ल कमी करणाऱ्या अशा गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. गिळताना अडकतंय, वजन उतरतंय, शौचाला काळी होतेय, तर थेट डॉक्टर गाठा. आणि घरातल्या मोठ्यांच्या छातीत दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर ‘गॅस झालाय’ म्हणून सोड्याचं पाकीट फोडत बसू नका. तो हार्ट अटॅक असू शकतो.

भाज्या-फळं जरूर खा. आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनंही २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत अर्धं ताट त्यांनीच भरायला सांगितलंय. कारण तंतू, जीवनसत्त्वं, खनिजं. त्यासाठी डाळ-पोळीला आरोपी करायची गरज नाही. प्रथिनं आपल्याला तिथूनच मिळतात.

पत्रकारितेच्या वर्गात बातमीला विचारायला शिकवतात: हे कोण सांगतंय, कशाच्या आधारावर, आणि यात त्याचा फायदा काय? पुढचा अल्कलाइन रील आला की हे तीन प्रश्न विचारा. आणि तो फॅमिली ग्रुपवर आला असेल तर गप्प बसू नका. ‘काकू, औषधं बंद नका करू, आधी डॉक्टरांना विचारू’ एवढं एक वाक्य तरी टाका.