घरचे सोबती : चावरें पिलूं

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या नातवानें मोबाइलवर एक लांबट अंगाचा, मऊ केसांचा, मुंगसासारखा दिसणारा प्राणी आम्हांस दाखविला आणि "आजोबा, आपण हा पाळूं या" असा हट्ट धरला. तो फेरेट होता. युरोपांतील लोक हा प्राणी दोन हजार वर्षांपासून बाळगीत आले आहेत; बिळांत दडलेले ससे हुसकून बाहेर काढण्याच्या कामीं त्याचा उपयोग होत असे. दिसण्यांत मुंगसासारखा असला तरी त्याचें कुळ निराळें. आपल्या पाणमांजराचा तो भाऊबंद. पिलूं असतांना तो कडकडून चावतो, हेंही आम्हीं त्याच पडद्यावर पाहिलें. आम्हीं नातवास म्हटलें, "बाळ, हा थंड हवेंतला जीव. आपल्या सोलापुरांत वैशाखांत पारा ४२ अंशांवर चढतो. त्याचे हाल आपल्याच्यानें पाहवणार नाहींत."

फेरेट मागें पडला तसें मुंगूस पुढें आलें. पाळण्यांतल्या बाळाचें सापापासून रक्षण करणाऱ्या आणि अविचारानें मारल्या गेलेल्या मुंगसाची पंचतंत्रांतील कथा आम्हींच त्यास सांगितली होती. तेव्हां दोष आमचाच. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मुंगसास अभय दिलें असून, त्यास धरणें अथवा घरांत कोंडून ठेवणें हा गुन्हा आहे. माळावर तें मोकळें धांवतांना पाहावें, इतकेंच आपल्या वांट्याचें.

आणि मग ज्याचा हट्ट कोणींच धरला नव्हता, तें दारीं आलें. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशीं, पावसाची सर येऊन गेल्यावर, जिन्याखालच्या स्कूटरच्या आडोशास मांजराचें एक पिलूं ओरडत बसलेलें नातवास दिसलें. त्याची आई येईल म्हणून दिवेलागणीपर्यंत दुरून वाट पाहिली. ती आली नाहीं. तेव्हां नातवानें हात पुढें केला, आणि त्या वीतभर जिवानें त्याच्या अंगठ्यांत दांत रुतविले. रक्त आलें.

येथें थोडें थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पिलूं एवढेंसें, दांत सुईसारखे, म्हणून अशा चाव्यावर हळद चेपून स्वस्थ बसणारीं घरें आम्हांस ठाऊक आहेत. तसें करूं नये. पिसाळण्याचा रोग कुत्र्याप्रमाणें मांजराच्या लाळेंतूनही येतो, आणि एकदां लक्षणें दिसूं लागलीं कीं त्याजवर उपाय उरत नाहीं. नळाखालीं हात धरून आम्हीं साबणानें ती जखम पुरीं १५ मिनिटें धुतली आणि मुलास घेऊन रातोरात 'सिव्हिल' गांठलें. तेथें जखमेभोंवतीं औषध टोंचलें व दंडांत लस दिली; तो दिवस शून्य धरून पुढील लस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशीं. लुई पाश्चर यांच्या देखरेखीखालीं ६ जुलै १८८५ रोजीं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास पॅरिस येथें पिसाळरोगावरची लस टोंचण्यांत आली आणि तो वांचला. त्या दिवसापासून ही विद्या माणसाच्या हातीं आहे. मूल बरें दिसतें म्हणून शेवटची लस चुकविणें हा केवळ आळस होय.

घरीं परतलों तों बैठक भरलेलीच होती. थोरले चिरंजीव म्हणाले, "उद्यां सकाळीं मंडईपाशीं सोडून येतों." धाकट्या सूनबाईंस गणपतीची काळजी, त्या वेळीं लेकीजांवई येतात आणि त्यांचीं लहान मुलें घरभर रांगतात. आमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न सर्वांहून अवघड होता. "अहो, आपली मनी नऊ वर्षें या घरांत आहे. या वयांत तिला सवत कशाला?" नातू मात्र पट्टी बांधलेल्या हातानें पिलाचें खोकें धरून एका बाजूस बसला होता, तो कांहीं बोलला नाहीं. अखेर गणेश चतुर्थीपर्यंत मुदत ठरली. तोंपर्यंत पिलूं चावावयाचें राहिलें नाहीं, तर चिरंजीवांचा निर्णय सर्वांस मान्य.

अमरकोशांत मांजराच्या नांवांत 'वृषदंशक' असें एक नांव आहे. वृष म्हणजे उंदीर, त्यास चावणारा तो वृषदंशक. आमच्या पाहुण्यानें उंदीर सोडून घरांतील चार माणसें चार दिवसांत चावून काढल्यामुळें आम्हीं त्यास तें नांव दिलें. मुलांनीं त्याचा 'दंशू' केला.

या दंशूस वळण लावण्याचें काम अर्थातच आम्हीं आपल्याकडे घेतलें. जन्म वर्गावर गेलेला. पोरें वळविलीं, पिलूं तें काय! दंशू चावला कीं त्याच्या नाकावर टिचकी, हा आमचा पहिला नियम. तीन दिवसांत त्याचें फळ दिसलें. पूर्वी हात जवळ आला म्हणजे चावे. आतां हात दिसतांच चावूं लागला. आमची चाहूल लागली कीं खोक्याच्या कोपऱ्यांत कान पाडून बसे. चौथ्या दिवशीं टिचकीसाठीं बोट उचललें आणि तें तसेंच राहिलें, कारण तें आखडलेलें अंग आम्हीं पूर्वीं पाहिलें होतें.

सुमारें ३५ वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही तिसरीच्या वर्गावर होतों. वर्षाच्या मध्यावर एक नवा मुलगा आला. घरीं तेलुगु बोलणारा, वडील यंत्रमागावर कामास. मराठी धड येत नसे. मुलें त्याच्या बोलण्यास हंसत, आणि तो हंसणाऱ्याच्या हातास चावे. तक्रार आली, आम्हीं छडी उचलली. एकदां, दोनदां, तीनदां. पुढें तो चावेनासा झाला, आणि आम्हीं शिक्षकांच्या खोलींत आपल्या शिस्तीची फुशारकी मारली. परंतु त्यानंतर तो बोलेनासाही झाला. हजेरीच्या वेळीं 'हजर' हा शब्दसुद्धां शेजारचा मुलगा त्याच्या वतीनें म्हणे. वर्ष संपलें, आणि पटावरून त्याचें नांव गेलें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंतील शारीरिक शिक्षेस बंदी केली. आमच्या हातून व्हावयाचें तें त्याच्या पुष्कळ आधीं होऊन गेलें होतें.

पशुवैद्यांस हें सारें आम्हीं सांगितलें नाहीं. टिचकीचें तेवढें सांगितलें. ते म्हणाले, "मास्तर, टिचकीनें चावूं नये हें त्याला कळत नाहीं, हात हा शत्रू आहे, एवढेंच कळतें." दांत पाहून त्यांनीं पिलाचें वय पांच आठवड्यांचें ठरविलें आणि चावण्याचें कारण उलगडून सांगितलें. भावंडें एकमेकांशीं खेळतांना चावतात; एकानें जास्त दाबलें कीं दुसरें ओरडतें व खेळ सोडून जातें; आई दूर सारते. दांत किती दाबावा हा धडा तेथें मिळतो. जें पिलूं लवकर आईवेगळें झालें, त्याची ही शाळाच बुडते. फिनलंडांतील हेलसिंकी विद्यापीठानें २०१७ सालीं सुमारें ५७०० मांजरांची माहिती त्यांच्या मालकांकडून मिळवून प्रसिद्ध केली. आठ आठवड्यांच्या आंत आईपासून तोडलेलीं मांजरें पुढें अधिक आक्रमक होतात, असें तींत आढळलें. शिवाय माणसाच्या स्पर्शाची ओळख होण्याचा मुख्य काळ दुसऱ्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचा. म्हणजे दंशूचे दोनच आठवडे शिल्लक होते, आणि त्यांतील चार दिवस आम्हीं टिचक्या मारण्यांत घालविले होते.

मग आम्ही नव्यानें शिकूं लागलों. प्रथम कांहींच करावयाचें नाहीं, हें शिकलों. जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा अंथरून खोकें आमच्या खोलींत ठेवलें, आणि सायंकाळची रामरक्षा त्याच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसून मंद स्वरांत म्हणूं लागलों. तिसऱ्या सायंकाळीं दंशू खोक्याच्या कांठावर येऊन बसला. नंतर लांब चमच्याच्या टोंकानें खाऊं घातलें; चमचा रोज थोडा आंखूड धरीत गेलों. हात नेहमीं बाजूनें आणि खालून न्यावा. वरून आलेला हात त्यास घारीसारखा वाटतो. दांत लागले तर हिसका देऊं नये, कारण पळणाऱ्या वस्तूस घट्ट धरणें हा त्याचा जातिधर्म. हात निश्चल ठेवावा, सुटला कीं मुकाट्यानें उठून जावें आणि दोन मिनिटांनीं परत यावें. खेळ संपला, हीच शिक्षा. खेळावयास दोरीला बांधलेली चिंधी द्यावी, बोटें कधींही देऊं नयेत. कान मागें गेले, शेंपूट आपटूं लागलें, घशांतून गुरगुर आली, तर तेथेंच थांबावें. गुरगुर हा उद्धटपणा नव्हे. ती सूचना आहे. ती मारून बंद केली तर पुढला चावा सूचनेवांचून येतो.

या नियमांत खरी अडचण पिलाची नसते, एकत्र कुटुंबाची असते. दहा दिवस सारें सुरळीत चाललें आणि अकराव्या दिवशीं दंशू पुन्हां चावला. चौकशीअंतीं कळलें, कीं धाकटे चिरंजीव रोज रात्रीं दिवा मालवल्यावर चादरीखालीं बोटें हालवून त्यास झडप घालावयास शिकवीत होते! एका घरांत दोन पंतोजी आणि दोन प्रकारची शिस्त असली म्हणजे विद्यार्थी बिघडणारच. नियम मोठ्या अक्षरांत लिहून दारावर लावला, तेव्हां कोठें चिरंजीव आंवरले.

दुसरी अडचण अन्नाची. भुकेलें पिलूं अधिक चावतें, आणि आमच्या घरांत मांजरास दहीभात. पशुवैद्यांनीं यावर स्पष्टच सांगितलें. टॉरिन नांवाचें द्रव्य मांजराच्या शरीरांत पुरेसें तयार होत नाहीं. निसर्गतः तें मांसांतून मिळतें. तें न मिळाल्यास दृष्टि जाते, हें १९७५ सालीं, आणि हृदयही दुबळें होतें, हें १९८७ सालीं संशोधकांनीं दाखवून दिलें. गाईचें दूधही पुष्कळ मांजरांस पचत नाहीं. मनी आजवर दहीभातावर टिकली ती शेजारपाजारच्या उंदीरपालींच्या कृपेनें असावी! सौभाग्यवती दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशीं म्हणाल्या, "त्यांचा धर्म त्यांना, आपला आपल्याला. डबा मागच्या पडवींत ठेवा, आणि त्याला माझें भांडें लावूं नका." तयार कोरड्या खाद्याचा डबा पडवींत आला, आणि मनीच्या ताटांतही तेंच पडूं लागलें.

आतां मनीची भेट. नव्या जिवास एकदम जुन्यापुढें नेऊन ठेवूं नये. पहिले दोन आठवडे दोघांच्या खोल्या अलग. एकाचा आजार दुसऱ्यास लागूं नये, हाही त्यांत हेतु. मांजराची ओळख डोळ्यांआधीं नाकानें होते. म्हणून दंशूच्या गालांवर फिरविलेलें फडकें मनीजवळ आणि मनीचें दंशूजवळ ठेवीत गेलों. मनी प्रथम त्या फडक्यावरच फिसकारली. चार दिवसांनीं त्यावर झोंपली. मग बंद दाराच्या दोन बाजूंस दोघांचीं ताटें. मग डासांच्या जाळीच्या दारांतून दर्शन. नागपंचमीच्या दिवशीं गडबडींत कोणाकडून तरी दार उघडें राहिलें. मनीनें एक चपराक दिली आणि दंशू कपाटाखालीं शिरला. आम्ही रागावलों नाहीं. पुन्हां बंद दारापासून आरंभ केला. पुढें पांच मिनिटांची भेट, मग दहा. दोघांचीं ताटें निराळीं, मातीचीं घमेलीं तीन, आणि मनीसाठीं खिडकीची उंच फळी राखीव. जुन्याचा मान कमी झाला नाहीं, तर नव्याचा राग कमी येतो. सुना आणणाऱ्या घरांस हें अधिक सांगणें नको.

गणपती आले, तशीं मुलेंही आलीं. त्यांना एकच सांगितलें : बसून राहा, उचलूं नका, तो खोक्यांत गेला तर मागें जाऊं नका. ऋषिपंचमीच्या दुपारीं थोरले चिरंजीव हांक मारूनही जेवावयास उठेनात. जाऊन पाहतों, तों वर्तमानपत्र हातांत आणि दंशू मांडीवर. तो जागा होईल म्हणून उठत नव्हते! मंडईची गोष्ट त्यानंतर कोणीं काढली नाहीं. मनीनें त्याजवर प्रेम केलें असें मात्र नाहीं. ती त्यास सहन करते, आणि तेवढें पुरे आहे.

फेरेट पाळणारेही आपल्या चावऱ्या पिलांस थोड्याफार फरकानें असेंच वळण लावतात, असें नातवानें परवां आम्हांस वाचून दाखविलें. दंशू आतां खेळतांना कधींमधीं आमचें बोट दांतांत धरतो, क्षणभर थांबतो, आणि न दाबतां सोडून देतो. तसें झालें म्हणजे आम्हांस तिसरीचा तो वर्ग आठवतो. त्या मुलाच्या शेजारीं खालीं बसावयास आम्हांस कितीसा वेळ लागला असता? तो आज चाळिशी ओलांडून गेला असेल. कोठें आहे, आम्हांस ठाऊक नाहीं. ज्यांच्या घरीं अथवा वर्गांत आज एखादें चावरें पिलूं असेल, त्यांनीं छडीकडे हात नेण्यापूर्वीं त्याला कशाची भीति वाटते एवढें पाहावें, म्हणून हें लिहिलें. असो.