गवताची चाकरी

आज जरा भांडायचा मूड आहे. हे वाचणाऱ्यांत निम्मे नातेवाईक, आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरापुढे लॉन. त्यामुळे कोणीतरी दुखावणार हे धरूनच चाललोय. ज्यांचा रक्तदाब वाढतो त्यांनी आधी चहा करून घ्यावा.

विषय: गवत.

(लॉन म्हटल्यावर पुण्या-नाशिककडच्या मंडळींना लग्नाचं कार्यालय आठवेल. ते नव्हे. घरापुढचं, एकसारखं हिरवं, ज्यावर कोणी बसत नाही ते.)

आम्ही न्यू जर्सीत घर घेतलं २००६ साली. मागेपुढे मिळून पाच हजार चौरस फूट गवत. आपल्या हिशोबात साडेचार गुंठे. गावाकडे एवढ्या जागेत मेथी, कोथिंबीर, चार सऱ्या वांगी आणि बांधाला शेवगा झाला असता. मी त्यात सतरा वर्षं काय पिकवलं? गवत. ते कापायचं, कापलेलं कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवायचं. मग ते परत वाढावं म्हणून खत घालायचं. वाढलं की तक्रार करत परत कापायचं. हे काम कोणी पगार देऊन सांगितलं असतं तर मी युनियन काढली असती.

वर कंपनीचा वार्षिक करार. एप्रिलमध्ये क्रॅबग्रास उगवू नये म्हणून एक फवारा, मेमध्ये डँडेलियनचा, उन्हाळ्यात मुळाशी असणाऱ्या अळ्यांचा, मग शरदातलं खत, मग हिवाळ्याआधीचं खत. सोळा सोमवार करणारी माणसंसुद्धा उद्यापन करून मोकळी होतात. याला उद्यापन नाही. फवारणी झाली की गवतात छोटी झेंडी रोवून जायचे: मुलं आणि कुत्री यांना लांब ठेवा. मुलगा सहा वर्षांचा होता तेव्हा चेंडू घेऊन खिडकीत उभा राहायचा आणि विचारायचा, ‘बाबा, आज झेंडी आहे का?’ यात काही विचित्र आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. लॉन छान दिसत होतं ना!

मग २०२३ च्या मे महिन्यात आई आली, सहा महिन्यांसाठी. आई माण तालुक्यातली. ७२ चा दुष्काळ तिनं पाहिलेला, आणि टँकर तर नंतरही अनेक उन्हाळे. सकाळी उठून बघते तर स्प्रिंकलर चालू. रस्त्यावर पण पाणी, फुटपाथवर पण पाणी. ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी जेवताना सहज विचारावं तसं विचारलं, ‘किती लागतं रे याला?’

मी पुस्तकी उत्तर दिलं, आठवड्याला एक इंच. तिला इंच कळेना. म्हणून कागद घेऊन गणित केलं. पाच हजार चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे सुमारे ११,८०० लिटर. आकडा लिहिला आणि मीच गप्प झालो. बारा हजार लिटरचा टँकर गावात आला की काय होतं, हे लहानपणी मी हंडा धरून पाहिलंय. तो टँकर मी दर आठवड्याला गवतावर रिकामा करत होतो, तेही अशा राज्यात जिथे वर्षाला पंचेचाळीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि बाराही महिने पडतो.

आता इथल्या पाण्यानं माणची तहान भागत नाही, हे मला कळतं. कोणी प्रतिक्रियेत शिकवू नये. मुद्दा तो नाही. मुद्दा हा की ते पाणी त्या गवतालाही नको होतं. इथलं गवत थंड हवेतलं आहे. ते वसंतात आणि शरदात वाढतं, आणि ऐन उन्हाळ्यात पिवळं पडून झोपी जातं. मरत नाही, झोपतं. पाऊस आला की उठतं. आपण जुलैत नळ सोडून त्याला बळेच जागं ठेवतो.

या गवताची जन्मकथाही मजेशीर आहे. नाव केंटकी ब्लूग्रास, मूळ युरोप-आशियातलं. कापायचं यंत्र इंग्लंडमधलं: एडविन बडिंग नावाच्या माणसानं १८३० साली पेटंट घेतलं, आणि कल्पना सुचली ती कापडगिरणीत लोकरीच्या कापडावरची लव साफ करणाऱ्या यंत्रावरून. त्याआधी असली हिरवळ फक्त ज्यांच्याकडे विळेवाले गडी किंवा मेंढरांचे कळप आहेत त्या जमीनदारांकडे. थोडक्यात, ‘आम्हाला एवढ्या जमिनीत काही पिकवायची गरज नाही’ हे सांगायची ती रीत. १९४७ नंतर लेव्हिटटाउनसारख्या वसाहतींत एकसारख्या घरांपुढे एकसारखं गवत आलं, आणि ते वेळेवर कापायची अट घराच्या करारातच आली. जमीनदाराची ऐट कारकुनाच्या गळ्यात पडली.

आणि क्लोव्हरचं काय झालं ते तर ऐकाच. पांढऱ्या फुलांचं, तीन पानांचं ते क्लोव्हर. जुन्या काळी लॉनच्या बियाण्यात ते मुद्दाम मिसळत. कारण ते द्विदल, आपल्या हरभऱ्या-मुगाच्या कुळातलं. मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र धरतं, म्हणजे खत फुकट. मग १९४० च्या दशकात टू-फोर-डी नावाचं तणनाशक आलं. ते रुंद पानाची झाडं मारतं, गवत सोडतं. डँडेलियनबरोबर क्लोव्हरही मरू लागलं. आता काय करायचं? क्लोव्हर मारणार नाही असं औषध शोधायचं? छे. क्लोव्हरलाच तणांच्या यादीत टाकलं! फुकट खत देणारं झाड तण ठरलं, आणि जे खत ते देत होतं ते पोत्यात भरून विकायला आलं. हा उलटा कारभार समजायला कृषिविद्यापीठात जावं लागत नाही, पण मी सतरा वर्षं बिलं भरली.

आता दूर्वांची गोष्ट. ती सांगायची म्हणूनच हे सगळं लिहायला बसलो.

त्याच वर्षी सप्टेंबरात, गणपतीच्या आदल्या दिवशी, इंडियन ग्रोसरीतून दूर्वांची जुडी आणली. प्लास्टिकच्या पिशवीत, अर्धी पिवळी. आई बाहेर चक्कर मारायला गेली होती, ती हसत हसत आली. मुठीत दूर्वा. टपालपेटीजवळच्या फुटपाथच्या भेगेत तिला सापडल्या. ‘अरे, दारात दूर्वा आणि तू विकत आणतोस? आणखी आहेत तिथे, एकवीस सहज निघतील.’

त्या दूर्वांना इथे बर्म्युडा ग्रास म्हणतात. दक्षिणेतल्या राज्यांत त्याचीच लॉन्स करतात, पण आमच्याकडे ते पहिल्या हिमात पिवळं पडतं म्हणून तण. आणि त्या भेगेवर मी दोनच दिवसांपूर्वी तणनाशक मारलं होतं.

‘आई, त्या ठेव. औषध मारलंय त्यावर.’

‘औषध? कसला रोग पडलाय?’

‘रोग नाही. ते मरायचं औषध.’

तिनं हातातल्या दूर्वांकडे पाहिलं. हिरव्यागार होत्या, ते औषध दिसायला आठवडा घेतं. तिनं त्या कठड्यावर ठेवल्या, सिंकवर जाऊन साबणानं हात धुतले, परत धुतले. गणपतीला पिशवीतल्या दूर्वा वाहिल्या. रात्री आवराआवर करताना म्हणाली, ‘आम्ही फवारतो ते पीक वाचवायला. तू काय वाचवतोस?’

मी सांगितलं असतं. पण उत्तर नव्हतं.

नंतर विचार केल्यावर सापडलं, आणि ते फार लाजिरवाणं आहे. मी शेजाऱ्यांचं मत वाचवत होतो. ‘लोक काय म्हणतील’ या एका वाक्याला कंटाळून आपल्यातले कितीतरी जण घर सोडून निघाले. सात समुद्र ओलांडले, आणि तेच वाक्य घरापुढे पाच हजार चौरस फुटांवर पेरून त्याला खतपाणी घालतोय! आणि यात आपली माणसं सर्वांत पुढे. गोऱ्या शेजाऱ्याच्या अंगणात डँडेलियन असले तर तो बागेकडे दुर्लक्ष करणारा निवांत माणूस. आपल्या अंगणात असले तर ‘हे लोक असेच’ असं कोणी म्हणेल, ही भीती. ती भीती अगदीच खोटी नाही, म्हणून मी कोणाला हसत नाही. पण त्या भीतीची किंमत मुलाच्या चेंडूनं आणि आईच्या हातांनी का द्यायची?

आमचे एक स्नेही म्हणतात, घराची किंमत राहते हो लॉनमुळे. राहत असेल. पण घर विकायला काढाल त्या वर्षी करा की! वीस वर्षं रोज लग्नाचा शालू नेसून कोण बसतं? दुसरे म्हणतात, मुलांना खेळायला गवत हवं. शंभर टक्के मान्य. खेळायला गवतासारखं काही नाही, मी ते उपटून दगड टाका म्हणत नाहीये. पण मग झेंडी कशाला?

तिसरा आक्षेप: काहीच न करता जंगल होईल. झालं नाही. २०२४ पासून मी करार बंद केला. आधी रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती तपासून घेतली, जे पहिल्या वर्षीच करायला हवं होतं. निकाल: स्फुरद भरपूर, माती आम्ल, चुना घाला. म्हणजे बघा, सतरा वर्षं मला चुना लावला, आणि जमिनीला हवा होता तो मात्र कोणी लावला नाही. :-)

आता चुना घातला. गवत साडेतीन-चार इंच उंच ठेवतो. उंच गवताची सावली पडली की क्रॅबग्रासला उगवायला ऊन मिळत नाही, आणि मुळंही खोल जातात. एका वेळी पात्याचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त कापायचं नाही. कापलेलं तिथेच पडू देतो. त्यातून वर्षाच्या नत्रापैकी जवळपास चौथा हिस्सा परत मिळतो. मोकळ्या जागी सप्टेंबरात बी टाकलं, त्यात क्लोव्हर. स्प्रिंकलर बंद. ऑगस्टमध्ये पिवळं पडतं, पडू दे. डँडेलियन येतात. मधमाश्याही येतात. कामाचे तास आठवड्याला चारवरून एकावर.

आणि हे काही माझं एकट्याचं खूळ नाही. न्यू जर्सीनं २०११ साली खतांचा कायदा केला, कारण लोकांच्या लॉनवरचं खत पावसाबरोबर बार्नेगॅट बेसारख्या खाड्यांत जाऊन तिथे शेवाळ माजत होतं. १५ नोव्हेंबर ते १ मार्च घरमालकानं खत टाकायचं नाही, आणि साधारणपणे माती तपासल्याशिवाय स्फुरद नाही. मी तेव्हा हा कायदा वाचून ‘सरकारला दुसरे उद्योग नाहीत’ असं म्हटल्याचं बायकोला आठवतंय. मला आठवत नाही.

पुणेकर नातेवाईकांनी गालात हसू नये. तुमच्या सोसायटीच्या माहितीपत्रकात ‘लँडस्केप्ड लॉन’ आहे, एप्रिलपासून गेटवर टँकरची रांग आहे, आणि त्या लॉनवर ‘गवतावर चालू नये’ अशी पाटीही आहे. २०१६ च्या दुष्काळात मैदानांवरच्या पाण्यावरून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि मे महिन्यातले आयपीएलचे बहुतेक सामने राज्याबाहेर न्यावे लागले, तेव्हा तुम्हीच मला फोनवर सांगत होतात की बरं झालं. मग सोसायटीच्या सभेत हात वर करा. दूर्वा लावा. त्या पायाखाली तुडवून घेतात, पाणी तुटलं तरी तग धरतात, आणि भाद्रपदात कामाला येतात.

माझ्याकडे गेल्या आठवड्यात असोसिएशनचं पत्र आलंय: आवारात तण आढळले, चौदा दिवसांत बंदोबस्त करावा, अन्यथा दंड. सोबत फोटो. फोटोत क्लोव्हर आहे, छान फुललेलं. मातीचा अहवाल घेऊन मी पुढच्या मंगळवारी मीटिंगला जाणार आहे. बायको म्हणते, भांडू नकोस, नीट बोल. आईला फोनवर सांगितलं तर तिनं आधी टपालपेटीजवळचं विचारलं. म्हटलं, आल्यात परत, भेगेतून बाहेर पसरल्यात. म्हणाली, मग त्या पत्रवाल्यांना तेवढं दाखवू नकोस.