फ्रान्समधील गांवचे बाजार आणि आमचे प्रवासी

फ्रान्सचा प्रवास करून परत येणाऱ्या आमच्या सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे एक नवा परिपाठ पडलेला दिसतो. पॅरिसचा लोखंडी मनोरा व व्हर्सायचा राजवाडा एकदांचा उरकला, कीं मंडळी खेड्यांकडे वळतात आणि तेथील आठवड्याच्या बाजाराचीं शेंदोनशें छायाचित्रें घेऊन घरीं येतात. खेड्यांकडे वळण्याची ही बुद्धि स्तुत्यच आहे. तिच्याविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती परत आल्यावर त्या बाजाराविषयीं जें कांहीं सांगितलें जातें त्याविषयीं. सांगणारांचे दोन पंथ आहेत. एकाला आम्ही भाविकांचा म्हणतों व दुसऱ्याला शहाण्यांचा. दोघांचेंहि म्हणणें आमच्या मतें चुकीचें आहे, आणि त्या चुकीनें नुसता फ्रान्सचा नव्हे, तर आपलाहि तोटा होत आहे.

भाविकांचें मत असें कीं, हे बाजार म्हणजे जुन्या काळाचा एक सुंदर अवशेष होय. फ्रेंच माणूस जात्याच रसिक, म्हणून तो त्याच्याकडे आपोआप टिकून राहिला. आतां, बाजार जुने आहेत हें खोटें नाहीं. तुलूजच्या पूर्वेस असलेलें रेव्हेल हें गांव सन १३४२ मध्यें फ्रान्सच्या राजानें वसविलें, आणि चौकाच्या मधोमध उभ्या असलेल्या लांकडी खांबांच्या मंडईभोंवतीं तेथें आजहि दर शनिवारीं बाजार भरतो. परंतु जुनेपणा हें कांहीं टिकण्याचें कारण नव्हे. जुन्या शेंकडों गोष्टी फ्रान्सनें १७८९ नंतर एका सपाट्यांत मोडून टाकल्या. सरदार लोक बाजारांत येणाऱ्या मालावर जे कर उकळीत, ते मार्च १७९० च्या कायद्यानें बुडाले; आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत झालेल्या दुसऱ्या कायद्यानें बाजारांतील सुव्यवस्था, वजनमापाचा खरेपणा व विक्रीस मांडलेल्या खाद्यपदार्थांचा निर्दोषपणा पाहण्याचें काम गांवच्या नगरसभेकडे सोंपविण्यांत आलें. गांवोगांवचीं निरनिराळीं मापें जाऊन मीटर व किलोग्रॅम हींच १ जानेवारी १८४० पासून सक्तीचीं झालीं. आजहि नवा बाजार भरवावयाचा, जुना हलवावयाचा किंवा बंद करावयाचा, तर गांवच्या सभेला व्यापाऱ्यांच्या संघटनांचें मत घेऊन ठराव करावा लागतो. सकाळीं बाजारांत फिरणारा ‘प्लासिए’ नांवाचा माणूस वर्गणीदारांस त्यांच्या ठरलेल्या जागा देतो, उरलेल्या जागा त्या दिवशीं आलेल्यांस वांटतो व जागेचें भाडें वसूल करतो. ज्याला आमचे भाविक जुन्या काळाची मोहिनी म्हणतात, ती अशी आठवड्याच्या आठवड्याला कारभार करून राखलेली वस्तु आहे.

आणि ती राखणें सोपें नव्हतें. जून १९६३ मध्यें पॅरिसच्या दक्षिणेस सेंत-झनव्हिएव्ह-दे-ब्वा येथें ‘कारफूर’ मंडळीनें एका छपराखालीं सर्व कांहीं विकणारें अवाढव्य दुकान उघडलें, आणि पुढें तशीं दुकानें देशभर झालीं. त्यांस आळा घालण्यासाठीं १९७३ मध्यें कायदा झाला, १९९६ मध्यें परवानगीवांचून चालणाऱ्या दुकानाची मर्यादा ३०० चौरस मीटरपर्यंत खालीं आणली गेली, आणि २००८ मध्यें ती पुन्हां १००० पर्यंत सैल झाली. मग २०२० सालची महामारी आली. २३ मार्च रोजीं पंतप्रधानांनीं उघड्यावरचे बाजार बंद करण्याचें जाहीर केलें. मोठीं दुकानें मात्र चालूच राहिलीं. जेथें लोकांची खरी अडचण होईल तेथें मेयरचें मत घेऊन प्रीफेक्टनें सवलत द्यावी, अशी तरतूद होती. आणि अनेक गांवांच्या मेयरांनीं ती सवलत मागून घेतली. आपोआप टिकणाऱ्या वस्तूसाठीं कोणाला अर्ज करावे लागत नाहींत.

आतां शहाण्यांकडे वळूं. यांचें म्हणणें असें कीं, हा सारा देखावा आहे. पालांतला भाजीवाला शेतकरी नसतो, तोहि घाऊक पेठेंतूनच माल आणतो, आणि त्याचें हंसून बोलणें हा धंद्याचा भाग असतो. या मताला आधारहि भक्कम आहे. मिशेल द ला प्राडेल या विदुषीनें प्रोव्हान्समधील कार्पान्त्रा गांवच्या शुक्रवारच्या बाजारावर १९९६ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथील पुष्कळसा माल इतर दुकानांतल्यासारखाच असतो, आणि गांवकरी व विक्रेते मिळून आपुलकीचा व समतेचा एक खेळच जणूं खेळत असतात, असें तिनें बारकाईनें दाखविलें. तिचें निरीक्षण आम्हांला मान्य आहे. त्यावरून आमचे शहाणे जें अनुमान काढतात तें मान्य नाहीं.

पहिली गोष्ट, शेतकरी व दुकानदार एका रांगेंत बसतात ही फसवणूक नव्हे. फळभाज्यांचा मूळ देश पाटीवर लिहिणें तेथें कायद्यानें भाग आहे; ज्याला वाचावयाचें त्यानें वाचावें, ज्याला विचारावयाचें त्यानें विचारावें. दुसरी गोष्ट, खरा माल तेथें येतच नाहीं असें नाहीं. ब्रेस प्रांतांत लुआं गांवीं दर सोमवारीं जिवंत कोंबड्यांचा बाजार भरतो. त्या प्रांताच्या कोंबडीच्या नांवाला १९५७ पासून कायद्याचें संरक्षण आहे, आणि तें नांव भलत्याला लावतां येत नाहीं. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डॉक्टर, सुतार व विधवा म्हातारी एका रांगेंत उभीं राहून, आपला नंबर येईपर्यंत एकमेकांशीं बरोबरीनें बोलतात, हा खेळ असेल. पण सारी सभ्यता अशीच असते. पंगतींत शेजाऱ्याला आग्रह करणारा मनुष्य दर वेळीं प्रेमानेंच आग्रह करतो असें थोडेंच आहे? म्हणून कोणी पंगत मोडा म्हणत नाहीं.

भाविक काय किंवा शहाणे काय, दोघेहि एकच गोष्ट विसरतात: बाजार हें विकत घेण्याचें ठिकाण आहे. चौकांतली जागा मोजकी असते, आणि ज्याचा माल खपतो तोच पुढल्या आठवड्यास परत येतो. प्रवाशांनीं मुळ्याच्या जुडीचें छायाचित्र घ्यावें व पैसे मात्र सुगंधी पुरचुंडीवर खर्चावे, असें वर्षानुवर्षें चाललें, तर मुळेवाला उठून जाईल व पुरचुंडीवाले चार होतील. मग तोच प्रवासी ‘बाजार बिघडला’ म्हणून हळहळतो! जाणारानें पिशवी घेऊन सकाळींच जावें, कारण दुपारीं पालें उठतात. फळें चिवडूं नयेत. तीं निवडून देणें हें विकणाराचें काम. खाद्यवस्तूंच्या भावांत घासाघीस करूं नये. भाव पाटीवर लिहिलेला असतो. खरबूज घेतांना ‘आज खाणार कीं उद्यां?’ असें तो विचारील. त्याचें उत्तर द्यावें. त्या एका प्रश्नांत जें ज्ञान आहे, तें मोठ्या दुकानाच्या फळीवर मिळत नाहीं.

आणि हेच गृहस्थ घरीं आल्यावर काय करतात? तालुक्याच्या आठवडी बाजारांतून नाकाला रुमाल लावून जातात. तेथें चिखल असतो, सांवली नसते, पाल लावणाऱ्या बाईला प्यावयास पाणी व जावयास शौचकूप नसतो. आणि जागेचें भाडें मात्र तीहि देते. त्या भाड्याचें काय झालें, हा प्रश्न ग्रामपंचायतींत किंवा नगरपरिषदेंत जाऊन विचारण्याचें यांतल्या कितीजणांच्या मनांत येतें? ‘फ्रान्स धनवान आहे’ हें उत्तर ठरलेलें. पण फ्रान्सनें बाजार नगरसभांच्या हवालीं केले त्या १७९० सालीं त्याची तिजोरी रिकामी होती; राज्याचें दिवाळें निघालें म्हणूनच तर सारी उलथापालथ झाली. बाजार नीट ठेवण्यास लागतात ते खरें वजन, स्वच्छ जागा, हिशेब देणारी सभा व हिशेब मागणारें गिऱ्हाईक. यांपैकीं शेवटची वस्तु तरी आयात करावी लागत नाहीं. फ्रान्सच्या बाजाराचीं छायाचित्रें मित्रमंडळींस दाखविणारांनीं पुढल्या आठवड्यांत पिशवी घेऊन आपल्या गांवच्या बाजारांत जावें, आणि परततांना पंचायतीच्या कचेरींत तेवढा एक प्रश्न विचारून यावें.