बिनब्रेकची शर्यत

इंग्लंडांतील खेळ म्हटले कीं आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढें क्रिकेट उभें राहतें. फार तर फुटबॉल व टेनिस. परंतु त्याच देशांतील मध्यम प्रतीच्या कारखानदारी शहरांत, ठराविक वारीं दिवे लागल्यावर, ज्या एका खेळासाठीं आजोबा, बाप आणि नातू एकाच बांकावर येऊन बसतात, त्याचें नांव आपल्याकडे क्वचितच कोणाच्या कानीं आलें असेल. तो खेळ म्हणजे स्पीडवे, अर्थात् मातीच्या वाटेवरील मोटार-सायकलींची शर्यत. नोकरीनिमित्त वुल्व्हरहॅम्प्टन शहरीं माझें दीर्घकाल वास्तव्य घडलें, व तेथील मॉनमोर ग्रीन मैदानावर सोमवारच्या कित्येक रात्री मीं या खेळाच्या सहवासांत काढल्या. सुट्टींत गांवीं आलों म्हणजे आप्तेष्ट विचारतात, "ज्याला ब्रेकच नाहीं असल्या फटफटीवर बसून जीव धोक्यांत घालावयाचा, यांत पाहण्यासारखें तें काय?" त्या प्रश्नाचें उत्तर येथें देण्याचें योजिलें आहे, आणि या खेळांतील जी एक गोष्ट मला मुळींच रुचत नाहीं, तीही लपवून ठेवण्याचा माझा विचार नाहीं.

प्रथम खेळाचें स्वरूप सांगितलें पाहिजे. दगडाचा बारीक चुरा पसरलेली एक अंडाकृति वाट असते. तिची लांबी आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें 260 पासून 425 मीटरपर्यंत असूं शकते. तिच्यावर चार स्वार डावीकडे वळत चार फेरे घालतात आणि सुमारें एका मिनिटांत सर्व आटोपतें. यंत्र 500 घनसेंटिमीटरचें, एकाच सिलिंडरचें. गिअर एक, इंधन मेथनॉल, आणि ब्रेक नाहीं तो नाहींच. स्वाराच्या डाव्या बुटाखालीं पोलादाचा तळ बांधलेला असतो, कारण वळणावर तो पाय जमिनीला घासतच जावयाचा असतो. आतां गंमत पाहा. वळण डावीकडचें, पण स्वार हँडल फिरवितो उजवीकडे! मूठ पिळून इंजिनाचा जोर तो इतका वाढवितो कीं मागचें चाक मातींत न ठरतां बाहेरच्या अंगास घसरूं लागतें, यंत्राचें तोंड आपोआप आंत वळतें, आणि पुढचें चाक उलट फिरवून तो ती घसरण हवी तेवढीच ठेवतो. या घसरण्यांतच वेग खर्च होतो. घसरण हाच त्याचा ब्रेक. खराखुरा ब्रेक असता तर खेळ अधिक सुरक्षित झाला असता, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः प्रकार उलट आहे. चौघे स्वार हात दोन हात अंतरानें धांवत असतां पुढच्यानें एकाएकीं ब्रेक दाबला, तर मागच्यांना त्याच्या अंगावर जाण्यावांचून गत्यंतर उरणार नाहीं.

या खेळाचा जन्म कोठें झाला याविषयीं जाणकारांत मतभेद आहेत. ऑस्ट्रेलियांतील वेस्ट मेटलंड येथें 15 डिसेंबर 1923 रोजीं जॉनी हॉस्किन्स यांनीं भरविलेल्या शर्यतींस पुष्कळ जण आद्यत्वाचा मान देतात, कांहीं जण तो नाकारतात. मला हा वाद निष्फळ वाटतो. लंडनजवळ हाय बीच येथें 19 फेब्रुवारी 1928 रोजीं जी शर्यत झाली, तिला संयोजकांच्या कल्पनेबाहेर गर्दी लोटली, आणि तेव्हांपासून इंग्लंडनें हा खेळ आपलासा केला. पहिली जगज्जेतेपदाची स्पर्धा 1936 मध्यें वेम्ब्ली मैदानावर झाली व ऑस्ट्रेलियाचा लायोनेल व्हॅन प्राग तींत विजयी झाला. त्याच मैदानावर 1981 च्या अंतिम सामन्यास नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षक होते. आज मात्र या खेळाची राजधानी पोलंड होय. त्या देशाचा बार्तोश झ्मार्झलिक हा 2025 मध्यें सहाव्यांदा जगज्जेता ठरून आयव्हन मॉगर व टोनी रिकार्डसन यांच्या पंक्तीस जाऊन बसला.

आमचें मॉनमोर ग्रीन हें काहीं वेम्ब्ली नव्हे. तेथें कुत्र्यांच्याही शर्यती होत, छपरें जुनीं, चहा बेतास बात. परंतु इंजिनें सुरू झालीं कीं जळालेल्या एरंडेलाचा जो एक उग्र-गोड वास हवेंत पसरे, तो एकदां नाकांत बसला कीं जन्मभर जात नाहीं. वळणाजवळ उभें राहिल्यास अंगावर मातीचा वर्षाव ठरलेला. नवखे लोक तेथें एकदांच उभे राहतात, मुलें मात्र मुद्दाम तेथेंच धांवत जातात. प्रत्येकाच्या हातांत कार्यक्रमपत्रिका व पेन्सिल असते. पहिल्यास तीन गुण, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक, चवथ्यास शून्य, असे आंकडे प्रत्येक शर्यतीनंतर जो तो स्वतः लिहितो. माझ्या शेजारीं बसणारे एक वृद्ध गृहस्थ आपल्या सात वर्षांच्या नातीकडून बेरीज करवून घेत, आणि फलकावरील बेरजेपूर्वीं तिची तयार असे. 1993 मध्यें आमच्या संघाचा अमेरिकन स्वार सॅम एर्मोलेंको जगज्जेता झाला, तेव्हां साऱ्या शहरास आपल्याच घरचा मुलगा उत्तीर्ण झाल्यासारखें वाटलें.

तथापि मला या खेळांत सर्वांत प्रिय काय, असें विचाराल तर मी वेगाचें नांव घेणार नाहीं. संघांच्या सामन्यांत प्रत्येक शर्यतींत एका संघाचे दोन व दुसऱ्याचे दोन स्वार असतात. उत्तम स्वार आरंभींच पुढें निघून गेला तर त्याला स्वतःचे तीन गुण मिळतातच. पण खरा संघनिष्ठ स्वार तेवढ्यानें तृप्त होत नाहीं. तो मान वळवून मागें पाहतो, सोबती कोठें आहे तें हेरतो, आपला वेग जाणूनबुजून आवरतो, आणि प्रतिस्पर्ध्याची वाट अशा रीतीनें अडवून धरतो कीं सोबत्याला आंतल्या बाजूनें पुढें येतां यावें. मग दोघे खांद्यास खांदा लावून शेवटची रेषा ओलांडतात व संघास पांच गुण मिळतात. वेगानें जाणें अनेकांस साधतें. सोबत्यासाठीं वेग सोडणें फार थोड्यांस साधतें. सोबत्याच्या पाठोपाठ आलेल्या स्वाराच्या नांवें एक अधिक गुण मांडण्याची चाल आहे, तीही मला फार न्याय्य वाटते.

आतां धोक्याविषयीं. तो आहे, आणि तो नाहीं असें पालकांस सांगणें म्हणजे अप्रामाणिकपणा होईल. 1955 व 1962 सालीं जगज्जेता झालेला इंग्लंडचा पीटर क्रेव्हन हा सप्टेंबर 1963 मध्यें एडिंबरो येथें शर्यतींत असतां पुढचा स्वार पडला. त्याला चुकविण्यासाठीं क्रेव्हननें यंत्र वळविलें, तो कुंपणावर आदळला व कांहीं दिवसांनीं मरण पावला. वय अवघें 29. ऑस्ट्रेलियाचा तरुण डार्सी वॉर्ड 2015 मध्यें पोलंडमध्यें पडला आणि त्याचें चालणें कायमचें बंद झालें. आतां मोठ्या स्पर्धांत वळणांवर हवेनें फुगविलेलीं कुंपणें असतात, पंच लाल दिवा लावून शर्यत थांबवितो, व ज्याच्या चुकीनें ती थांबली त्याला वगळून उरलेल्यांची शर्यत पुन्हा घेतो. हें सर्व योग्यच आहे.

परंतु मोडलेल्या हाडानिशीं, पट्ट्या बांधून, दुखणें लपवून पुन्हा यंत्रावर बसणाऱ्यास जो जयजयकार मिळतो, तो मला असह्य होतो. मींही त्या टाळ्या ऐकल्या आहेत, आणि त्या वेळीं माझे हात मांडीवरच राहिले. पडलेल्यास चुकविण्यासाठीं स्वतःचा प्राण पणास लावणें हें धैर्य. ज्या हातांत पुरतें बळ नाहीं त्यानें यंत्र धरून इतर तिघांचा जीव टांगणीस लावणें याला मी धैर्य म्हणत नाहीं. डॉक्टरानें नाहीं म्हटल्यावर प्रेक्षकांनींही नाहींच म्हणावें. मित्रमंडळींत या मताबद्दल माझी पुष्कळ थट्टा होते, पण मत बदललें नाहीं.

आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर रात्रीं जे तरुण मोटार-सायकली पिटाळतात, ते आपल्या या हौसेलाही शर्यतच म्हणतात. समोरून येणारा बैलगाडीवाला किंवा शाळेंतून परतणारें मूल यांनीं त्या शर्यतींत आपलें नांव कधीं नोंदविलें होतें? स्पीडवेच्या मैदानावर चौघेही एकाच दिशेनें जातात, चौघांनाही नियम ठाऊक असतात, आणि मधें कोणी परका येत नाहीं. इंग्लंडांत मुलांना 125 घनसेंटिमीटरच्या लहान यंत्रावर आरंभ करतां येतो. बळ व समज वाढल्यावर मोठें यंत्र हातीं येतें.

दुर्दैव असें कीं ज्या वाटेवर तीं मुलें शिकावयाचीं, ती वाटच आटत चालली आहे. शहरांत जमिनीचे भाव वाढले, आणि आठवड्यांतून एक रात्र गजबजणारें मैदान कोणास परवडेनासें झालें. मँचेस्टरचें प्रसिद्ध हाइड रोड मैदान 1987 मध्यें गेलें. आमच्या मॉनमोर ग्रीनवरील स्पीडवे 2023 च्या हंगामाबरोबर संपला. मोठ्या शहरांतील फुटबॉलच्या मैदानावर चार दिवसांपुरती माती पसरून जागतिक स्पर्धा भरवितां येते, व ती पाहण्यास मीही कार्डिफला गेलों आहें. पण तेथें शेजारीं कोण बसलें आहे हें कोणास ठाऊक नसतें. आतां सोमवारची आठवण अनावर झाली म्हणजे मी मँचेस्टरला जातों. तेथें 2016 मध्यें या खेळासाठीं नवें मैदान उभें राहिलें आहे. छपरें नवीं आहेत, चहा पूर्वींइतकाच बेतास बात, आणि कार्यक्रमपत्रिकेसाठीं पेन्सिल घरूनच न्यावी लागते.